रोज जॉगिंग करूनही पाय लटपटतात, पोटऱ्या दुखतात. पळणं थांबवावं का?

तुमचं वय ३८. एप्रिलपासून रोज सकाळी पुण्यातल्या सहकारनगरातून तळजाईच्या टेकडीवर जाऊन ५ किलोमीटर पळता. आता दम लागत नाही, पण पाय जड पडतात, पोटऱ्या आणि नडग्या ठणकतात, घरी जिना उतरताना गुडघ्यातून जीव गेल्यासारखं होतं. आणि डिसेंबरमध्ये १० किलोमीटरची शर्यत पळायची आहे.

मी डॉक्टर नाही. पण नऊ वर्षं पळतोय आणि पहिल्या वर्षी अगदी याच ठिकाणी अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातलं 'आता दम लागत नाही' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायूबंध (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि हाडं यांना कित्येक महिने लागतात. त्यामुळे दम टिकतो, आपण वेग वाढवतो, आणि पाय मागे राहतात. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. ५ किलोमीटरला पाच-सहा हजार पावलं होतात. एवढा भार घेतल्यावर स्नायूंची बारीक झीज भरून यायला साधारण दोन दिवस लागतात, आणि तुम्ही तर दुसऱ्याच सकाळी परत निघता. ही कमजोरी बहुधा न भरलेल्या झिजेची आहे. म्हणून 'रोज' हा शब्द आधी काढून टाका.

त्यात तळजाई. चढताना धाप लागते म्हणून चढ अवघड वाटतो, पण पायांना खरा त्रास उताराचा होतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन अडवून धरतो, आणि अशा कामात तो सगळ्यात जास्त दुखावतो. जिना उतरतानाही तोच स्नायू तेच काम करतो. तुमची लटपट तिथे जाणवते याचं मला म्हणूनच आश्चर्य वाटलं नाही. सध्या चढ-उतार चालत करा, पळायचं ते सपाटीवर. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, तेव्हा तर नक्कीच.

माझ्या वेळी मी महिनाभर मलम चोळत राहिलो, मग घराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली नेला. चार बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत होतं. त्या म्हणाल्या, "पसरलेलं दुखतंय ते बरं. एकाच टिंबावर दुखलं असतं तर हाडाला तडा आहे का ते बघावं लागलं असतं." मग मला जिन्याच्या पायरीवर उभं केलं, चवडा पायरीवर, टाच अधांतरी, एक हात कठड्याला, आणि एका पायावर टाच वर-खाली करायला सांगितली. उजव्या पायावर चौदा झाल्या. डावा नवव्यालाच थरथरायला लागला, दहाव्याला टाच उचललीच गेली नाही. मी तेव्हा आठवड्याला ३० किलोमीटर पळत होतो!

आज रात्री हे तुम्हीही करून बघा. निरोगी पोटरीला एका पायावर वीस-पंचवीस वेळा जमायला हवं. कमी झाल्या तर तिथूनच सुरुवात करा. दोन्ही पायांवर एकदम उभं राहून १५-१५ चे तीन फेरे, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. दोन आठवड्यांनी एका पायावर. निम्म्या वेळा गुडघा किंचित वाकवून करा, कारण पोटरीच्या आत एक चपटा स्नायू असतो आणि पळताना बराच भार तो उचलतो. गुडघा वाकवला की त्याच्यावर काम येतं. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस आणि उताणं झोपून कंबर उचलणं. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. माझा डावा पाय उजव्याच्या बरोबरीला यायला जवळजवळ तीन महिने लागले.

दुसरी गोष्ट रक्ताची. तुम्ही शाकाहारी आहात का, ते लिहिलं नाहीत. मी आहे, आणि माझं बी-१२ बरंच कमी निघालं. तळपायाला मुंग्या येत होत्या, त्या मी बुटांच्या नाडीवर ढकलत होतो. बी-१२ भाज्या-डाळींतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडं मिळतं. तेव्हा बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि साखर एवढं एकदा तपासून घ्या. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या लोक दुकानातून आणून महिनोन् महिने घेतात. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, काहींना तिनेही स्नायू दुखतात. आणि जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तासभर पुढे ढकला, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

बूट: रोज ५ प्रमाणे चार महिन्यांत तुमचे ६०० किलोमीटर झाले. पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० टिकतात. तळवा एका बाजूने घासला असेल तर बदला.

काही लक्षणांत मात्र माझं किंवा कुणाचंच उत्तर वाचत बसू नका. एकच पोटरी सुजून गरम लागली, हाडावर एका टिंबाला दुखतंय आणि रात्रीही थांबत नाही, पाऊल वर उचलत नाही, ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळते आणि उभं राहिलं की सुटते, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. सुजलेल्या पोटरीसोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

यातलं काही नसेल तर पूर्ण थांबू नका. दोन आठवडे दिवसाआड, चार मिनिटं जॉगिंग आणि एक मिनिट चालणं, असं पंचवीस मिनिटं. वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. पावलं थोडी आखूड टाका. पळताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी गेलं तर चालेल. सकाळी पलंगावरून उतरतानाही दुखत असेल तर त्या दिवशी फक्त चाला.

शर्यतीला अजून जवळजवळ चार महिने आहेत, ते पुरतात. ऑक्टोबरअखेर प्रत्येक पायावर वीस-वीस वेळा टाच उचलली गेली आणि सपाटीवर ७ किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, तर १० किलोमीटरला नाव द्या. नाही जमलं तर ५ किलोमीटरचा गट असेल तर तो पळा आणि १० पुढच्या वर्षी. तपासणीचे आकडे आले की इथेच खाली लिहा, मी बघतो.