विचारा, सांगते : बलमर्सचं नाव बदलावं का?

प्रश्न : ताई, मी डब्लिनमध्ये मार्केटिंग शिकते. आमच्या गटाला प्रकल्पाचा विषय मिळालाय, ‘घरच्या बाजारपेठेत लोकप्रिय असलेल्या सायडरचं रीब्रँडिंग’, म्हणजे सफरचंदं आंबवून केलेल्या या दारूचं नाव-रूप बदलणं. आम्ही बलमर्स निवडलं. आयर्लंडबाहेर हेच सायडर मॅगनर्स नावाने विकतात, मग इथेही मॅगनर्स करून टाकावं, म्हणजे एक नाव, एक लेबल, एक जाहिरात, असा आमचा प्रस्ताव आहे. सरांना तो पटलेला नाही आणि कारण आम्हीच शोधायचं आहे. तुम्ही लेबलांच्या छपाईत काम केलंय, शिवाय बलमर्सच्या गावी, क्लॉनमेलला राहता, म्हणून तुम्हाला विचारते. आमचं कुठे चुकतंय?
— एक विद्यार्थिनी, डब्लिन

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या घरापासून बलमर्सचा ॲनरव्हिलचा कारखाना गाडीने दहा मिनिटांवर आहे. शरद ऋतूत सफरचंदांनी भरलेले ट्रेलर या रस्त्याने जायला लागले की वळणावळणावर दोन-चार फळं पडलेली दिसतात. मी नवीन असताना एक उचलून खाल्लं होतं. तोंडात नुसता तुरटपणा! सायडरची सफरचंदं खायची नसतात, ती आंबवायची असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा या विषयावर मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा ठेवू नकोस.

तुमच्या प्रस्तावात हिशेब बरोबर आहे, पण नावाचा इतिहास तुम्ही वाचलेला नाही. तो आधी बघू.

१९३५ साली टिपररी काउंटीतल्या क्लॉनमेलच्या डाउड्स लेनमध्ये विल्यम मॅगनर या इथल्याच माणसाने सायडरचा धंदा सुरू केला. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या एच. पी. बलमर कंपनीने त्यात निम्मा वाटा घेतला. ती तेव्हाच पन्नास वर्षं जुनी होती, १८८७ ची. १९४६ मध्ये उरलेला निम्मा वाटाही तिच्याकडे गेला आणि क्लॉनमेलच्या कंपनीला बलमर्स हे नाव लागलं. पुढे साठच्या दशकात दोन्ही घरं वेगळी झाली. वाटणीत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात ‘बलमर्स’ नाव वापरायचा हक्क क्लॉनमेलकडे राहिला आणि बाकी जगात हेरफर्डकडे. आज क्लॉनमेलचं सायडर सी अँड सी ग्रुप या आयरिश कंपनीचं आहे आणि हेरफर्डचं हायनेकेन या डच बिअर कंपनीचं.

म्हणून १९९९ मध्ये क्लॉनमेलचं सायडर देशाबाहेर न्यायची वेळ आली तेव्हा बलमर्स म्हणता येईना. मग मूळ पुरुषाचं नाव काढलं, मॅगनर्स. गंमत बघ, इंग्रजी आडनाव घरात रुळलं आणि टिपररीच्या माणसाचं आडनाव परदेशी गेलं. तुमच्या सादरीकरणात ‘मॅगनर्स हे जास्त आयरिश नाव आहे’ असा मुद्दा असेलच. कागदावर तो खरा आहे. पण क्लॉनमेलच्या पबमध्ये कुणाला मॅगनर्स मागताना मी ऐकलं आहे ते फक्त पाहुण्यांना. इथला माणूस काउंटरवर कोपर टेकवतो आणि म्हणतो, ‘अ पाइंट बॉटल.’ कसली ते सांगतसुद्धा नाही. नाव इतकं मुरलं की उच्चारायची गरज उरली नाही, ते तू कुठल्या तक्त्यात बसवणार?

आता मुद्द्याचं. बलमर्सचं घरच्या बाजारात रीब्रँडिंग एकदा होऊन गेलंय आणि तुमच्या प्रकल्पाला खरा धडा त्यात आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयर्लंडमध्ये सायडरची अब्रू फार खालावली होती. मोठ्या फ्लॅगनमधून, म्हणजे मोठ्या बाटलीतून, स्वस्तात मिळणारं, पोरांनी शेतात नाहीतर नदीकाठी लपून प्यायचं पेय अशी ओळख. ‘सायडर पार्टी’ हा शब्द इथले जुने लोक अजून तोंड वाकडं करून उच्चारतात. अशा वेळी कुणालाही वाटेल, नावच टाकून द्या. त्यांनी नाव ठेवलं आणि नावाभोवतीचं सगळं बदललं. सफरचंदाच्या बागा, ऋतू, सतरा जातींची सफरचंदं, मुरण्याचा काळ हे जाहिरातीत आणलं. ‘वेळेशिवाय काहीही घातलेलं नाही’ अशा अर्थाचं त्यांचं घोषवाक्य इथे लहान मुलांनाही पाठ होतं. आणि पाइंटच्या काचेच्या बाटलीला मानाचं स्थान दिलं.

ही बाटली मी जवळून पाहिलेली आहे. आम्ही इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी शनिवार-रविवार एका पबमध्ये काम करत होते. मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे बलमर्स कसं ओतायचं. उंच ग्लास घ्यायचा, बर्फ काठोकाठ भरायचा, दोन-चार खडे टाकून भागत नाही. ग्लास तिरका धरून सायडर काचेच्या कडेने सोडायचं. फेस भराभर वर येतो आणि तितक्याच लवकर बसतो. बाटलीत ५६८ मिलिलिटर असतं आणि ग्लासात निम्मी जागा बर्फाने खाल्लेली असते, त्यामुळे सगळं मावत नाही. मग ग्लास आणि उरलेली बाटली दोन्ही गिऱ्हाइकासमोर ठेवायची, लेबल त्याच्याकडे नाही, खोलीकडे करून. पबच्या मालकीणबाई हे मला हाताने फिरवून दाखवायच्या. नळाच्या बिअरचं नाव काउंटरवरच राहतं, ही बाटली मात्र टेबलावर वीस मिनिटं सगळ्यांना दिसत राहते. २००६ च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये मॅगनर्सची लाट आली ती याच बर्फावर आणि याच बाटलीवर. तिकडे लोकांना नाव नवं होतं, पण टेबलावरचं दृश्य क्लॉनमेलचं होतं. हेरफर्डच्या बलमर्सनेही मग पाइंटची बाटली आणि बर्फ उचलला.

पुढे चौदा वर्षं मी लेबलांच्या छपाईत होते, तिथला एक अनुभव सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही. इथल्या घराघरांतल्या एका खाण्याच्या पदार्थाचं लेबल ‘ताजं’ करायचं ठरलं. नाव तेच, पण गडद लाल काढून फिकट मातकट रंग आला आणि अक्षरं बारीक झाली. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, ते फार देखणं दिसत होतं, मीच ते मंजूर करून पुढे पाठवलं. महिन्याभराने दुकानात एक आजी त्याच शेल्फसमोर उभ्या होत्या, डोळ्यांसमोर बरण्या असून म्हणाल्या, ‘बंद केलं वाटतं त्यांनी.’ मी बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. ‘हे ते नव्हे,’ म्हणाल्या. आत तेच होतं गं! मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून मी नव्या लेबलाचं प्रूफ टेबलावर बघत नाही. भिंतीला चिकटवून दहा पावलं मागे जाते आणि चष्मा काढते. तुम्हीही तुमच्या डिझाइनचं हे करून बघा.

आता तुमच्या सरांच्या मनात काय असेल. मला वाटतं, कायदा. ट्रेडमार्क हा त्या त्या देशापुरता हक्क असतो आणि तो वापरात ठेवावा लागतो. आयर्लंडच्या १९९६ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार, योग्य कारणाशिवाय सलग ५ वर्षं चिन्ह वापरलं नाही तर ते रद्द करावं म्हणून अर्ज करता येतो. म्हणजे सी अँड सीने उद्या बाटल्यांवर मॅगनर्स छापलं आणि बलमर्स कपाटात ठेवून दिलं, तर काही वर्षांनी आयर्लंडमधलं ‘बलमर्स’ हातातून सुटायची वेळ येऊ शकते. आणि ते हवं असणारं कोण आहे? बाकी जगात त्या नावाचा मालक असलेलं हायनेकेन. त्यांना इथे सायडर विकायचं होतं तेव्हा स्वतःचं जगभर चालणारं बलमर्स आणता येईना, म्हणून २०१५ मध्ये ‘ऑर्चर्ड थीव्ज’ असं कोरं नाव आणि कोल्ह्याचं चित्र घेऊन त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. तुमचा प्रस्ताव त्या दाराची कडी आतून काढतो. सादरीकरणात हा मुद्दा आला की सर मान डोलावतील, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे किंमत. इथे नाव बदललं तर गिऱ्हाइकाला ओढायला स्वस्त करू, असं तुमच्या आराखड्यात लिहिलं असेल तर खोडून टाक. ४ जानेवारी २०२२ पासून आयर्लंडमध्ये दारूच्या प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमागे किमान १० सेंट किंमत ठरलेली आहे. साडेचार टक्क्यांच्या ५०० मिलीच्या कॅनमध्ये जवळपास १८ ग्रॅम अल्कोहोल बसतं, म्हणजे पावणेदोन युरोच्या खाली तो विकताच येत नाही. एकावर एक फुकट वगैरे तर त्याआधीच बंद झालं. नव्या नावाची ओळख करून द्यायची सगळी सोपी हत्यारं इथे म्यान आहेत. उरतं ते ओळखीचं नाव आणि ओळखीचा चेहरा, आणि तुम्ही तेच सोडायला निघाला आहात.

नाव बदलून चाललंच नाही असं नाही हं. १९९० मध्ये मॅरेथॉन चॉकलेटचं स्निकर्स झालं, पुढे बेसिन घासायच्या जिफ क्रीमचं सिफ झालं आणि सगळं विकलं जातंय. पण माझी शेजारीण अजून बेसिन ‘जिफने’ घासते. शिवाय चॉकलेट माणूस शेल्फवरून उचलतो, तोंड उघडावं लागत नाही. पाइंट मात्र चारचौघांत, मोठ्या आवाजात मागावी लागते. नवं नाव उच्चारताना जीभ अडखळली तर माणूस सरळ दुसरं काहीतरी मागतो. काउंटरच्या या बाजूने मी हे पाहिलंय.

माझा सल्ला म्हणशील तर प्रकल्प फेकू नका, उलटा करा. नाव बलमर्सच ठेवा. मॅगनर हा माणूस घरी आणा. बाटलीच्या मागच्या लेबलवर, चार ओळींत, डाउड्स लेन आणि १९३५. त्या लेबलवर आजवर फारसं कुणी मन लावून काम केलेलं नाही, आणि पबमध्ये हात रिकामे असले की लोक तेच वाचत बसतात. लाल रंग हलवू नका. कागद पाण्यात टिकणारा निवडा, कारण बर्फाच्या बादलीतून काढलेल्या बाटलीचं लेबल बोटाखाली सरकलं की सगळी मेहनत वाया जाते. गोंद आणि कागद यांचं ओल्या हाताने केलेलं परीक्षण सादरीकरणात दाखवा. मार्केटिंगच्या वर्गात ते कुणीच दाखवत नाही. आणि एक दिवस क्लॉनमेलला या. मी तुम्हाला नदीकाठाने डाउड्स लेनपर्यंत चालवत नेईन.

प्रश्न : आम्ही बेलफास्टला राहतो. यजमानांनी डंडॉकच्या पबमध्ये मॅगनर्स मागितलं, तर समोर बलमर्स ठेवलं. ते म्हणतात, फसवलं. खरंच वेगळं असतं का?
— एक वाचक, बेलफास्ट

उत्तर : फसवलेलं नाही, वहिनी. दोन्ही क्लॉनमेलचंच सायडर. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये येतं, तिथे बलमर्स नाव दुसऱ्याचं आहे, म्हणून न्यूरीत मॅगनर्स आणि तिथून अर्ध्या तासावर डंडॉकमध्ये बलमर्स. सीमेवर पौंडाचे युरो होतात तसंच हे. उलट लंडनला गेलात आणि बलमर्स मागितलंत तर मात्र खरोखरच वेगळं, हेरफर्डचं सायडर मिळेल. चव निराळी लागली तर यजमानांना म्हणावं, तक्रार तिथे करा.

प्रश्न : ताई, पार्टीनंतर कॅन आणि बाटल्या गोळा करून सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाकायला गेलो. बलमर्सचे कॅन घेतले, काचेच्या बाटल्या नाही घेतल्या आणि मॅगनर्सचे चार कॅनही परत आले. मशिन बिघडलंय का?
— एक वाचक, ड्रोहेडा

उत्तर : मशिन ठीक आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली डिपॉझिटची योजना प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांच्यापुरती आहे, काच त्यात नाही. त्या बाटल्या बॉटल बँकेत, म्हणजे काचेसाठी ठेवलेल्या मोठ्या डब्यात टाका. मॅगनर्सचे कॅन बहुधा कुणीतरी उत्तरेकडून आणलेले असणार. त्यांवर ‘रिटर्न’चं चिन्ह नसतं आणि घेताना तुम्ही डिपॉझिटही भरलेलं नसतं, म्हणून परत काही मिळत नाही. ते हिरव्या डब्यात टाका. बलमर्सच्या ५०० मिलीच्या कॅनचे प्रत्येकी १५ सेंट तुमचे आहेत, फक्त कॅन चेपू नका. चेपला की बारकोड वाचता येत नाही आणि मागे उभी असलेली रांग तुमच्याकडे बघायला लागते.