जुना फ्रेंच लाकडी बुद्धिबळाचा सेट खरंच जुना आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्यात जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे लाकडी बुद्धिबळाचा सेट मिळतोय, तो म्हणतो रेजान्स आहे, नेपोलियनच्या काळातला आहे, राजाच्या डोक्यावर क्रॉस नाही, उंटाला चीर नाही, वजीर कुठला तेच पटकन कळत नाही, तर घ्यावा का. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं लियोंला राहतो, आणि इथून दोनेक तासांवर जुरा नावाचा डोंगराळ भाग आहे जिथे फ्रान्समधले बहुतेक लाकडी सेट बनले, त्यामुळे हा नाद मला इथे आल्यावर लागला आणि आता घरात सतरा सेट आहेत. जे शिकलोय ते सांगतो.

आधी त्या नावाचा गोंधळ सोडवू. रेजान्स हे त्या घडणीचं नाव आहे, त्यावरून वय कळत नाही. पॅरिसमध्ये पॅले रॉयालच्या चौकात काफे द ला रेजान्स नावाचा कॅफे होता, १७१८ मध्ये त्याला हे नाव मिळालं, आणि पुढची दीडेकशे वर्षं युरोपातलं बुद्धिबळ म्हणजे हाच कॅफे असं समीकरण होतं. अठराव्या शतकातला नावाजलेला फ्रेंच खेळाडू फिलिदोर इथे खेळायचा. १८४३ मध्ये इंग्लंडच्या स्टॉन्टनने फ्रान्सच्या सँतामाँला इथेच हरवलं, ११ डाव जिंकले, ६ हरले, ४ बरोबरीत. १८५८ मध्ये अमेरिकेचा मॉर्फी, वय २१, इथे डोळ्यांनी पट न बघता एकाच वेळी आठ जणांशी खेळला, सहा डाव जिंकले आणि दोन बरोबरीत सोडवले. फ्रेंच कॅफेंमधून जे उंच, बारीक कंबरेचे मोहरे वापरात होते त्या धाटणीला या कॅफेचं नाव चिकटलं. पण ही धाटणी विसाव्या शतकातही चांगली बरीच वर्षं बनत होती, म्हणजे तुमच्या समोरचा सेट रेजान्स असू शकतो आणि तरी १९३० सालचा असू शकतो. माझ्या अनुभवात बाजारात येणारे बहुतेक असेच असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त नेपोलियनची किंमत द्यायची नाही.

आता उंटाला चीर का नाही ते. आपण ज्याला नेहमीचा सेट म्हणतो तो स्टॉन्टन, वरच्याच खेळाडूच्या नावाचा, १८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स कंपनीने बाजारात आणला, त्यात उंट म्हणजे बिशप, आणि ती चीर म्हणजे बिशपच्या टोपीची खाच. फ्रेंचमध्ये या मोहऱ्याला बिशप म्हणतच नाहीत, फू म्हणतात, म्हणजे विदूषक, त्यामुळे त्याला टोपीची खाच असायचं कारणच नाही. आणि गंमत बघा, हा फू आला कुठून तर फारसी पील, अरबीत अल-फील, म्हणजे हत्ती. आपल्याकडे हत्ती कोपऱ्यात गेला आणि त्या जागी उंट आला, तिकडे हत्तीचा उच्चार बदलत बदलत विदूषक झाला. हे मला कळलं तेव्हा मी तो छोटासा मोहरा हातात घेऊन कितीतरी वेळ बसलो होतो.

तर जुन्या फ्रेंच सेटमध्ये उंट हा वजिराच्या धाकट्या भावासारखा दिसतो, गुळगुळीत डोकं, त्यावर कधी बारीकशी गुंडी. वजीर शोधायची सोपी युक्ती म्हणजे सगळे मोहरे उंचीने लावा, जे एकेकटे आहेत ते राजा आणि वजीर, जोडीने आहेत ते बाकीचे. राजावर क्रॉस नसणं ही अडचण नाहीये, उलट चांगली खूण आहे. मात्र काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर पांढरी गुंडी आणि पांढऱ्यांच्या डोक्यावर काळी असं दिसलं तर थांबा, ती पद्धत जास्त करून मध्य युरोपातली, व्हिएन्नाच्या कॉफी हाऊसची, असे सेट फ्रेंच म्हणून सर्रास खपवले जातात.

दुसरा मोठा गट म्हणजे फ्रान्समध्ये बनलेले स्टॉन्टन. यात लार्दी हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल, दोर्ताँ नावाच्या गावचे मोहरे बनवणारे. गाव जुराच्या पायथ्याशी, सँ-क्लोदपासून जवळ, जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्याने ते जाळलं, आज दिसतं ते बरंचसं नंतर बांधलेलं आहे. दुसरं नाव शावे. हे लोक या भागातच का, तर सँ-क्लोदच्या मठात शेकडो वर्षं यात्रेकरू यायचे, त्यांना विकायला लाकडाच्या जपमाळा आणि बारीकसारीक वस्तू बनायच्या, डोंगरात बॉक्सवूड नावाच्या कठीण, पिवळसर लाकडाची झुडपं भरपूर, हिवाळ्यात शेत बर्फाखाली, मग घरोघरी लेथ. सावंतवाडीला कातकाम करणारी घरं बघितली असतील तर चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. त्याच हातांनी पुढे तंबाखूचे पाइप बनवले आणि त्याच हातांनी बुद्धिबळाचे मोहरे. शेजारच्या ओयोनामध्ये कंगवे बनायचे, ते लोक पुढे प्लास्टिककडे वळले, आणि प्लास्टिकनेच मग लाकडी मोहऱ्यांचा धंदा खाल्ला.

आता तुम्ही दुकानात उभे आहात असं धरून सांगतो काय बघायचं.

पहिला घोडा. चारही घोडे शेजारी शेजारी उभे करा, एकाच बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी. लेथवर राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी सगळं निघतं पण घोडा हाताने कोरावा लागतो, म्हणून सेट कोणी आणि किती मन लावून केला ते घोड्यातच दिसतं. लार्दीच्या जुन्या घोड्यांना आयाळीच्या रेघा एकेक करून काढलेल्या असतात, नंतरच्यांमध्ये दोन-चार खाचांवर भागवलंय. रेजान्समधले घोडे बऱ्याचदा साधे, जवळजवळ लहान मुलाच्या खेळण्यासारखे असतात, ते बघून नकली समजू नका. उलट घोडा फार नटवलेला, नाकपुड्या फुगलेल्या, आयाळ खोल कोरलेली आणि बाकी सेट रेजान्सचा, असं असेल तर तो बहुतेक अमृतसरचा नवा असणार. अमृतसरचे कारागीर जुन्या फ्रेंच सेटच्या हुबेहूब प्रती करतात, जगभर जातात त्या, आणि खेळायला खरंच सुंदर असतात, नवीन म्हणून विकला तर अवश्य घ्या. भांडण फक्त त्यालाच जुना म्हणून विकणाऱ्याशी.

घोड्यांवरून मी एकदा फसलोय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून रेजान्स घेतला, फोटोत चारही घोडे डावीकडे तोंड करून उभे, सगळे एकसारखे. घरी आल्यावर बघतो तर एका काळ्या घोड्याचा जबडा दुसऱ्यापेक्षा वेगळा, बुड दीड मिलिमीटरने मोठं, उजव्या बाजूला तर कान कापलेलाच वेगळ्या पद्धतीने. दुसऱ्या सेटमधला आणून बसवला होता. त्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंचे फोटो आल्याशिवाय पुढे बोलतच नाही.

दुसरं म्हणजे मोहरा उलटा करा. बुडाखाली जुनं बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, असेल, कागद असेल, काहीच नसेल, सगळं चालतं. बनात कडेला झिजलेलं, मधे तग धरून, रंग उडालेला असं हवं. जाड, झगझगीत हिरवं नवीन फेल्ट असेल तर त्याचा अर्थ सेट नकली असाच होत नाही, कोणीतरी बदललेलं असू शकतं, पण मग बाकीचा पुरावा जास्त लागेल. वजन हातात जोखा. रेजान्सचे बहुतेक मोहरे हलके असतात, आत वजन भरलेलं नसतं, म्हणून ते पटकन कलंडतात. मोहरा उचलल्यावर बुड एकदम जड लागलं आणि विक्रेता नेपोलियन म्हणत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

तिसरं, व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, वाढीच्या कड्यांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडे कमी, त्यामुळे लेथवर अगदी गोल काढलेलं बुड बऱ्याच वर्षांनी किंचित लंबगोल होतं. डोळ्याला दिसत नाही पण कॅलिपर फिरवला की कळतं. माझ्या एका राजाचं बुड एका बाजूने ३२ मिलिमीटर आहे आणि आडवं मोजलं तर ३१.६. सगळे बत्तीसच्या बत्तीस अगदी गोल निघाले तर शंका घ्यायला जागा आहे, एवढाच अर्थ घ्या, एकट्या या गोष्टीवर निकाल देऊ नका, कारण ओलं लाकूड वापरलं तर नवा मोहराही लवकर वाकडा होतो. त्याच वेळी प्यादी पण मोजा, हाताने काढलेली सोळा प्यादी उंचीला थोडी थोडी वेगळी असतात, ऑटोमॅटिक लेथवरची एकसारखी.

चौथं रंग. पांढरे मोहरे म्हणजे बहुतेक वेळा बॉक्सवूड, नवं असताना फिकट पिवळं आणि वर्षानुवर्षं हात लागून मधासारखं होतं, पण सगळीकडे एकसारखं नाही. जिथे बोटं लागतात ते भाग घासून उजळ, आणि कड्यांच्या खोबणीत काळपट मळ बसलेला. नवीन माल जुना दाखवायला रंगात बुडवतात तेव्हा उंच भाग आणि खोबणी दोन्ही सारखेच तपकिरी होतात. काळे मोहरे कधी आबनूस, कधी शिसवी, पण साध्या सेटमध्ये तेच बॉक्सवूड काळं रंगवलेलं. एखादा टवका उडालेला शोधा आणि भिंगातून बघा. माझ्या काळ्या राजाच्या गळ्याच्या कडीचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालाय, आत स्वच्छ पिवळं लाकूड दिसतं, आणि त्या पिवळ्याच्या कडासुद्धा हात लागून लागून गोल झाल्यात. टवका जुना असतो तो असा. कडा धारदार आणि आतला रंग कोरा असेल तर टवका कालचा आहे.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असेल तर तोही न्या. आपले सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, चपडा लाखेचं, ते यूव्हीखाली नारिंगी चमकतं. आजची सिंथेटिक व्हार्निश तशी नारिंगी चमकत नाहीत. पुन्हा तेच सांगतो, जुन्या सेटवर कोणी मागाहून व्हार्निश मारलेलं असू शकतं, आणि नव्यावर चपडा मारणंही कोणाला अवघड नाही.

पेटीवर विश्वास ठेवू नका. सरकत्या झाकणाची लाकडी पेटी छान दिसते पण पेट्या सहज बदलतात. तरी त्यावर लेबल असेल तर वाचा. इंग्रजीत मेड इन फ्रान्स छापलेलं असेल तर माल बाहेर देशी पाठवायला बनलाय आणि बहुतेक करून विसाव्या शतकातला आहे. आणि हस्तिदंती मोहरे कोणी दाखवले तर जुने म्हणाला तरी हात लावू नका, आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे.

घेतलात तर एक हात जोडून विनंती, पॉलिश पेपर लावू नका. मऊ कापड जेमतेम ओलं करून पुसा, वाळू द्या, बोटाच्या टोकावर मावेल एवढं मधमाशीचं मेण चोळा, झालं. जुनं बनात काढून नवं चिकटवू नका. ज्या मळाला आपण घाण म्हणतो तोच तुमचा पुरावा आहे, आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

माझ्याकडचा मला सगळ्यात प्रिय सेट बाजारभावाने सगळ्यात स्वस्त आहे. लाँ-ल-सोनियेजवळच्या एका खेड्यात लोक वर्षातून एकदा माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात, तिथे एका आजींकडून ३० युरोला घेतला. साधा रेजान्स, विसाव्या शतकातला, पांढऱ्यांचं एक प्यादं हरवलेलं आणि त्या जागी दोऱ्याचं लाकडी रीळ, चाकूने वरून तासून गोल केलेलं, बुडाला निळ्या कापडाचा तुकडा शिवलेला. मी विचारलं तर म्हणाल्या आमच्या वडिलांनी केलंय, हिवाळ्यात आम्ही रोज रात्री खेळायचो. मला नंतर एकाने त्या मापाचं खरं प्यादं देऊ केलं होतं, मी घेतलं नाही. रीळ अजून तिथेच आहे, मुलगी खेळताना ते नेहमी राजासमोर ठेवते.

तुम्ही आता असं करा, विक्रेत्याला विचारून चारही घोड्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो, राजा आणि दोन प्याद्यांचं बुड, आणि एखादा टवका असेल तर त्याचा जवळून फोटो काढून इथेच टाका. बुडाची दोन मापं पण लिहा, एक सरळ आणि एक आडवं. त्यावरून रेजान्स आहे का, आणि साधारण किती जुना, हे बऱ्यापैकी सांगता येईल.