बांगलादेशात वैद्यकीय शिक्षणासाठी परतताना

बांगलादेशातील तुमच्या वैद्यकीय महाविद्यालयात लगेच परतण्याची तुमची घाई मी समजू शकतो, कारण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचे शिक्षण आणि १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) एकाच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते, त्यामुळे मध्येच महाविद्यालय बदलण्याचा मार्ग उरत नाही. तरीही केवळ विमाने सुरू झाली म्हणून निघू नका. वर्ग आणि वसतिगृह दोन्ही सुरू असल्याचे महाविद्यालयाकडून लेखी मागवा. व्हिसाची मुदतही पाहा.

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आरक्षणविरोधी आंदोलन चिघळले, तेव्हा संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट कित्येक दिवस बंद राहिले. अशा वेळी मोबाइलवरचे पैसे आणि संदेश दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून भारतीय उच्चायुक्तालयाचे व घरचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा, ‘टाका’ या बांगलादेशी चलनात थोडी रोख रक्कम जवळ बाळगा आणि पासपोर्ट महाविद्यालयाच्या कार्यालयात जमा न ठेवता स्वतःजवळच असू द्या. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता आधीच ठरवणे: कुमिल्ल्याहून आखाउडा सीमानाक्यामार्गे त्रिपुरातील आगरतळा, सिल्हेटहून तामाबिल सीमानाक्यामार्गे मेघालयातील डावकी. त्या वेळी अनेक भारतीय विद्यार्थी याच सीमांवरून परतले होते. मात्र संचारबंदीत एकट्याने सीमेकडे निघू नका; उच्चायुक्तालयाशी बोलून, गटाने आणि दिवसाउजेडीच प्रवास करा.