दुखणं उतरलं तरी नाडी बघ

प्रिय डॉक्टर,

सर्जरीला लागलीस, मनापासून आनंद झाला. पेरिटोनायटिसबद्दल, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला येणाऱ्या सुजेबद्दल, पुस्तकात सगळं आहे, ते तू वाचशीलच. मी लिहितोय ते वेळेबद्दल.

कणकुंबी-जांबोटीकडचा शेतकरी, अथणी-रायबागचा ऊसतोड मजूर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई, चंदगडहून हद्द ओलांडून आलेले आजोबा, यांतलं कुणीच पोटात कळ आल्याबरोबर बेळगाव गाठत नाही. आधी ओवा, मग मेडिकलमधली गोळी, मग गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, आणि रात्री कुणाची तरी जीप. म्हणून ‘कधीपासून दुखतंय?’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘दुखायला लागलं तेव्हा काय करत होता?’ असं विचार. अल्सर फुटलेला माणूस बहुतेक वेळा तो क्षण सांगतो, “जेवून उठलो आणि सुरी खुपसल्यागत झालं.” अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीपाशी, मग उजवीकडं खाली, आणि फुटल्यावर पोटभर. दोन-तीन आठवडे ताप आणि मग एकाएकी पोटदुखी असेल, तर टायफॉइडनं लहान आतड्याचा शेवटचा भाग फुटलाय का, ही शंका घ्यायलाच हवी. एवढे प्रश्न कन्नडमधूनही विचारता यायला हवेत. वॉर्डातल्या सिस्टर आनंदानं शिकवतील.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते. जठर किंवा ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) फुटलं की आधी ॲसिड पोटात सांडतं. पोट कडक होतं, माणूस जराही न हलता पडून राहतो. काही तासांनी आत पाझरलेल्या पाण्यानं ॲसिड पातळ होतं आणि दुखणं उतरतं. लांबून आलेला पेशंट नेमका त्याच वेळी तुझ्यापुढं येतो. “आता बरं वाटतंय, घरी सोडा की,” म्हणतो. घरचेही निघायच्या तयारीत असतात. अशा वेळी नाडी आणि श्वास स्वतः मोज, पूर्ण एक मिनिट. नाडी १२०, श्वास ३०, जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही, तर तो बरा होत नाहीये, जंतू पसरताहेत. पोट तपासताना हात चोळून गरम कर, तळहात सपाट ठेव, दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात कर आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर असू दे. उभं करून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसली तर निदान झालंच. नाही दिसली, तरी निश्चिंत होऊ नकोस. आतडं फुटलेल्या प्रत्येकात ती दिसत नाही. वयस्कर, शुगरवाले आणि सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेणारे यांचं पोट आत पू असूनही मऊ लागू शकतं. त्यांना तासाभरानं पुन्हा तपास, तूच तपास.

मॅनहाइम इंडेक्स पाठ कर, पेरिटोनायटिसच्या पेशंटला किती धोका आहे ते गुणांत सांगणारा. जास्तीत जास्त गुण ४७, त्यांतले काही सांगतो. वय ५० च्या वर असेल तर ५, पोटात विष्ठा असेल तर १२, एखादा अवयव निकामी होत असेल तर ७, ऑपरेशनआधी २४ तासांहून जास्त वेळ गेला असेल तर ४. बेरीज २६ च्या पुढं गेली की मृत्यूचा धोका झपाट्यानं वाढतो. पेशंटचं वय आपल्या हातात नाही. उशीर आणि अवयव मात्र काही अंशी आपल्या हातात आहेत, आणि माझ्या मते ज्युनियर डॉक्टरची खरी कामगिरी तिथंच असते.

म्हणून कोरडा पडलेला पेशंट तसाच टेबलावर नेऊ नकोस. सलाइन जोरात, नाकातून नळी, कॅथेटर, अँटिबायोटिक लगेच. वेदनाशामक इंजेक्शन अडवून धरू नकोस, त्यानं निदान चुकत नाही. लघवी ताशी किलोमागं अर्धा मिलीलिटर येऊ लागली की चांगली खूण. पण सगळे आकडे जुळेपर्यंत वाट बघत बसलीस तर आतली घाण वाढतच राहते.

ऑपरेशन वरिष्ठ करतील. अल्सरच्या छिद्रावर ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर) बसवायची ग्रॅहॅम यांनी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत आजही टिकून आहे. आतडं फार खराब असेल तर स्टोमा काढावा लागतो, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून त्याला पिशवी लावायची, आणि ते घरच्यांना आधी सांगायचं काम बहुधा तुझ्याकडं येईल. कागदावर सही घेऊन मोकळी होऊ नकोस. कोरी पिशवी त्याच्या बायकोच्या हातात दे, पोटावर कुठं लागेल ते दाखव, बहुतेकांची काही महिन्यांनी बंद करता येते हेही सांग. शुद्धीवर आल्यावर अचानक पोटावर पिशवी दिसलेला माणूस अन्नाकडं पाठ फिरवतो, हे मी पाहिलंय.

नंतरचा आठवडाही तितकाच कसोटीचा. ड्रेसिंग रोज स्वतः उघड. पाचव्या-सातव्या दिवशी पट्टी गुलाबी पाण्यानं भिजलेली दिसली तर आतले टाके सुटत असतील. त्याच मिनिटाला वरिष्ठांना बोलव. ताप पुन्हा चढला तर आत पू साठलाय का ते सोनोग्राफीत बघ. अल्सरच्या पेशंटला घरी सोडताना एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूवरचे उपचार लिहून दे आणि अंगदुखीसाठी कुठली गोळी खातो ते विचार. पाकीट आणायला लाव, अल्सर करणारी गोळी असेल तर सांग की ही आता बंद. तंबाखूचंही बोल, घरच्यांसमोर बोल.

तुझा,
सर