नवऱ्याला स्वयंपाकाची आवड आहे. वाढदिवसाला नॉनस्टिक भांड्यांचा सेट द्यावा का? बजेट सहा हजार. सासूबाई म्हणतात पुरुषाला कोणी भांडी देतं का.

ताई, सेट घेऊ नका. ट्रायप्लायची, म्हणजे स्टील-ॲल्युमिनियम-स्टील अशा तीन थरांची, एक कढई घ्या आणि घेताना नवऱ्याला सोबत न्या. उत्तर एवढंच. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय ना, ‘सासूबाई म्हणतात पुरुषाला कोणी भांडी देतं का’, ते वाचून एवढ्यावर थांबणं मला जमणार नाही.

मी नागपूरचा. रविवारचा स्वयंपाक आमच्याकडे माझा, आणि तो हौसेचा नाही, ओटा पुसण्यापर्यंतचा आहे. ही बँकेत आहे. मुलं लहान असताना हिला यायला उशीर व्हायचा म्हणून मी गॅससमोर उभा राहिलो तो उभाच राहिलो. पाटोडीचा रस्सा, वडाभात, भरीत, हिवाळ्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. मटण सावजी पद्धतीचं, खसखस-खोबरं-दगडफूल भाजून, वाटून, तर्री सुटेपर्यंत परतलेलं. चांगलं होतं हे मी म्हणत नाही, दुसऱ्यांदा वाढून घेणारे म्हणतात.

हे सगळं मी वर्षानुवर्षं एका पातळ स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, करत होतो. पातळ स्टीलची गंमत अशी की ज्वाला लागते तेवढीच जागा तापते. मधली खसखस काळी, कडेची कच्ची. आणि खसखस करपली की रस्सा कडू होतो, मग त्यात काहीही ओता. पाटोडीचं बेसन घोटताना तर तळाशी खरपूड धरायचीच. ती खरपूड खरवडायला मी अर्धा तास सिंकपाशी उभा असायचो. हे हिनं पाहिलं आणि पन्नासाव्या वाढदिवसाला, शर्टाचं कापड वगैरे न आणता, मला इतवारीच्या बाजारात घेऊन गेली.

दुकानदार सुरुवातीपासून हिच्याशीच बोलत होता. ‘भाभीजी, ये बारा पीस का सेट ले जाओ, गिफ्ट पॅकिंग फ्री.’ ही म्हणाली, ‘वापरणारे हे आहेत, यांच्या हातात द्या.’ तो हसला. मग तिनं त्याला कढईत पाणी भरायला सांगितलं. तो म्हणे, भाभी, दुकानात कोणी पाणी भरतं का? ती म्हणाली, रिकामी कढई तर शोकेससुद्धा उचलतं, यांना रस्सा भरलेली उतरवायची आहे. शेवटी पोऱ्यानं बादलीतून पाणी आणून ओतलं. एक कढई मला उचलता आली, पण मनगट वाकडं झालं. दुसरीचे कान इतके लहान की सांडशीशिवाय धरताच येईना. तिसरी घेतली. २६ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना रुंद कान, जाड झाकण.

ताई, तुमच्या उपयोगाचं जे काही आहे ते या पाणी भरण्यात आहे. वजन कागदावर कळत नाही. नवऱ्याचं मनगट कसं आहे, त्याची उंची किती, तुमचा ओटा किती उंच, हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं. म्हणून भांड्यात सरप्राइज नको.

आता थोडं धातूचं. ट्रायप्लाय म्हणजे आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर पुन्हा स्टील, आणि हे तिन्ही थर तळापासून काठापर्यंत. ॲल्युमिनियम उष्णता स्टीलपेक्षा सुमारे १५ पट चांगली वाहून नेतं, म्हणून कढई सगळीकडे सारखी तापते. दुकानात ‘सँडविच बॉटम’ म्हणून जे देतात त्यात ॲल्युमिनियमची चकती फक्त बुडाला असते. उभ्या गंजाला ते चालतं. कढईला चालत नाही, कारण मोठ्या आचेवर ज्वाला बाजूनं वर चढते आणि चकती संपते तिथं मसाल्याची गोल रेघ करपते. घेताना नीट विचारा, थर काठापर्यंत आहे का?

आतलं स्टील ३०४ हवं, त्यालाच १८/८ म्हणतात, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. इतवारीत चुंबक लावून दाखवतात, ‘देखो, चिपकता नहीं, असली माल.’ यावर जाऊ नका. २०२ नावाचं स्वस्त स्टील असतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यालाही चुंबक चिकटत नाही. ही सरळ म्हणाली, बिलावर ३०४ लिहून द्या. दुकानदारानं थोडी कुरकुर केली आणि लिहिलं. चुंबक लावायचाच तर बाहेरून बुडाला लावा. चिकटला तर इंडक्शनवर चालेल. घरी फक्त गॅस असेल तर तेही सोडा.

नॉनस्टिकवर तुमचा जीव दिसतो, तर स्पष्टच सांगतो. धिरडी-डोशाला ठेवा एक. मसाला भाजणाऱ्या माणसाला नॉनस्टिक कढई देणं म्हणजे पैलवानाला रेशमी धोतर. तो थर २६० अंशांच्या पुढं खराब व्हायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामी कढई तिथं पोचायला वेळ लागत नाही. वर लोखंडी सराटा, म्हणजे उलथणं, चालत नाही, ते वेगळंच.

आता सासूबाईंकडे येतो. तुमच्या घरी सासूबाई आहेत, आमच्या घरी दादा आहे. कढई आणली त्याच आठवड्यात तो जेवायला आला. रस्सा दोनदा घेतला, भाकरी चुरून खाल्ली आणि हात धुता धुता म्हणतो, ‘बायकोनं नवऱ्याले कढई देली, आयकलं काय कोणी? उद्या झाडू देईन.’ वर म्हणे, ‘अन् स्टीलमदी रस्स्याले चवच नाही येत. जर्मनचा गंज पाह्यजे.’ तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत हा किस्सा तो सांगतो. माझ्यासमोर सांगतो. वहिनी खाली मान घालून हसतात.

जर्मनबद्दल माझं म्हणणं असं. जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज तापायला चांगला, मी नाही म्हणत नाही. पण चिंच, टोमॅटो, अंबाडी, काहीही आंबट त्यात शिजवलं की तो धातू अन्नात उतरतो आणि चवीला ते जाणवतं. दादाच्या घरची अंबाडीची भाजी ज्यानं खाल्ली त्याला विचारा. ट्रायप्लायमध्ये तेच ॲल्युमिनियम आहे, फक्त अन्नाला शिवत नाही. म्हणजे दादाच्या जर्मनचा फायदा मला मिळतो, तोटा त्याच्याकडेच राहतो. हे त्याला तोंडावर सांगितलं की तो क्रिकेटवर जातो.

आणि मायच्या हातच्या चवीची गोष्ट तो काढतो म्हणून सांगतो. माय जर्मनमध्ये करतच नव्हती. माय भंडाऱ्याची, आणि भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिचा पितळी गंज माहेराहून आलेला. दिवाळीआधी कल्हईवाला दारात भट्टी लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं आतून चांदीसारखं करून द्यायचा. ती कल्हई होती म्हणून पितळेत आंबट वरणसुद्धा शिजायचं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच काही घालायचं नाही, तांबं उतरतं. आणि कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं, सगळी कल्हई गोळा होऊन बुडाशी येते. हे मायनं आम्हा दोघांनाही शिकवलं होतं. वाटणीत तो गंज थोरला म्हणून दादाकडे गेला. आज त्यात प्लॅस्टिकची फुलं आहेत, टीव्हीच्या बाजूला.

तर सासूबाईंना वाद घालून काही सांगू नका. कढई आणा, पहिल्या दिवशी नवऱ्याला त्यांच्या आवडीचं करू द्या. त्या म्हणतील ते म्हणोत. माझी आई असती तर तिला कढई आवडली असती, उलटी करून बुडावर टिचकी मारून पाहिली असती.

हिशेब राहिला. चांगली ट्रायप्लाय कढई दोन-तीन हजारांत येते. हजाराच्या आत एक बिडाचा तवा घ्या, तो जड असतो, तोही उचलून पाहा. धुतला की लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंजतो. उरलेल्या पैशांचं मटण आणा. कुकर घ्यायचा मोह झालाच तर आयएसआयची खूण पाहा, २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं, माणूस खरंच रोज नाहीतर दर आठवड्याला गॅससमोर उभा राहणारा असेल तर. वर्षातून एकदा मित्र आले की मटण करणारा आणि सिंक तसंच सोडून जाणारा असेल, तर त्याला घड्याळ द्या. आणि त्याला आधीच एखादं भांडं हाताशी बसलं असेल, पातळ का असेना, तर ते काढून टाकायला लावू नका.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे, पुतण्यानं सांगितलं. जर्मनचा गंज तुलाच राहू दे. मायचा पितळी मला दे. कल्हईचे पैसे मी देतो, फुलं तू ठेव.