एलएलएमला निघण्याआधी: करारातलं एक क्रियापद

सप्रेम आशीर्वाद.

तंत्रज्ञान आणि उद्योजकता या विषयात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायचं ठरवलंस, उत्तम. फक्त माहितीपत्रकातल्या ब्लॉकचेन-एआयच्या नावांवर भाळून विषय निवडू नकोस. नव्या कंपनीचं घोडं पेंड खातं ते मालकीच्या साध्या कागदावर.

कोडचंच बघ. फ्रीलान्सरला पैसे दिले की कॉपीराइट आपला झाला, असं संस्थापक धरून चालतात. अमेरिकेत काय, इतरत्र काय, लेखी हस्तांतर नसेल तर तो सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. कंपनी स्थापन होण्यापूर्वी संस्थापकांनी लिहिलेला कोडही असाच निसटतो. आणि ‘लेखी’ म्हणजे तरी कसं? स्टॅनफर्ड विरुद्ध रोश हा पेटंटच्या मालकीचा खटला वाच. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा 2011चा निकाल वाचच, पण त्याआधीचा फेडरल सर्किटचा, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाचा, सोडू नकोस. खरी मेख तिथे आहे. विद्यापीठाच्या करारात संशोधकाने ‘हक्क देण्याचं मान्य करतो’ असं लिहून दिलं होतं. पुढे दुसऱ्या कंपनीच्या कागदावर त्यानेच ‘याद्वारे हक्क देतो’ याखाली सही केली. नंतरचा असूनही दुसरा कागद सरस ठरला, कारण पहिल्यात नुसतं वचन होतं. मसुदा तपासताना आधी क्रियापद बघ.

मग आकडेमोड. इथे कायद्याची मुलं उगाच बिचकतात; त्रैराशिकापलीकडे काही लागत नाही. दोन संस्थापक, निम्मे-निम्मे. गुंतवणूकदाराला 20 टक्के, कर्मचाऱ्यांच्या ऑप्शन पूलला (त्यांना पुढे द्यायला राखून ठेवलेल्या शेअरना) 10 टक्के. पूल गुंतवणुकीच्या आधीच्या भांडवलातून काढला तर संस्थापक 35-35वर येतात, गुंतवणूकदार 20वर शाबूत. गुंतवणुकीनंतर काढला तर संस्थापक 36-36, गुंतवणूकदार 18. टर्मशीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, हा फरक ‘प्री-मनी’ (गुंतवणुकीच्या आधीचं) एवढ्या एका शब्दात दडलेला असतो. अशी दहा कोष्टकं स्वतः एक्सेलमध्ये मांड.

क्लिनिक, म्हणजे देखरेखीखाली खऱ्या अशिलांचं काम करायचा विषय, जरूर घे, म्हणजे खऱ्या संस्थापकांचे मसुदे हातून जातील. पण न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवान्याची परीक्षा, द्यायची असेल तर आधी हिशेब कर. परदेशी पदवीधराने एलएलएमच्या जोरावर पात्रता मिळवायची तर किमान 24 क्रेडिट लागतात. त्यांत क्लिनिकचे जास्तीत जास्त 4च धरतात. व्यवसाय व्यवस्थापनासारख्या बाहेरच्या विद्याशाखेतले विषयही मर्यादेतच मोजतात, आणि उद्योजकतेच्या अभ्यासक्रमात नेमके तेच भरपूर असतात. वकिली आचारसंहिता, कायदेशीर संशोधन-लेखन हे सक्तीचे विषय वेगळेच. तेव्हा वेळापत्रक हाती आलं की पहिल्याच आठवड्यात नियमांशी ताडून घे. नंतर विषय बदलायची मुदत उलटून जाते.