आधी जिना, मग दर्शनी भाग

अनेक आशीर्वाद.

तुझं रेल्वे स्टेशनचं ड्रॉइंग बघितलं. दर्शनी भाग देखणा झालाय, पण स्टेशन तिथून सुरू होत नाही. रुळांच्या मध्यरेषेपासून होतं. ब्रॉडगेजला त्या रेषेपासून प्लॅटफॉर्मची कड 1670 ते 1680 मिलिमीटरवर, प्लॅटफॉर्मवरचा खांब किमान 4720 वर, इमारत 5330 वर. तुझ्या छपराचे खांब 4200 वर आलेत. मंजुरी तिथेच अडकेल. रेल्वेचं ‘शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स’, म्हणजे ही मापं ठरवणारी नियमावली, कायम टेबलावर असू दे.

आता जिना. एका लोकलमधून 1500 माणसं उतरली असं धर. तीन मीटरच्या जिन्यावर मीटरमागे मिनिटाला 50 धरली, तर 150. प्लॅटफॉर्म रिकामा व्हायला दहा मिनिटं, आणि पुढची लोकल चार मिनिटांत हजर! त्यात समोरून येणारे वेगळेच. एकच रुंद जिना दिलास तर सगळे त्याच्याजवळचे डबे पकडतात आणि उतरताना तिथेच कोंडी होते. प्लॅटफॉर्मच्या लांबीवर तीन जिने वाटून दे. जिन्याच्या तोंडाशी स्टॉल नको, इंडिकेटरही नको; वर बघायला माणूस थबकतोच.

छप्पर कुठे संपतं तेही तपास. पाऊस आला की लोक नेमके छपराच्या टोकाशी थांबतात आणि मागचे येतच राहतात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसामुळे खोळंबलेली गर्दी आणि अरुंद जिना एकत्र आले. 23 माणसं गेली. जिन्याची रुंदी लिहिताना हे डोळ्यांसमोर ठेव.

काम चालू लाइनवर होणार. पुलाचे गर्डर, म्हणजे आडव्या लोखंडी तुळया, चढवायला रात्रीचा जेमतेम तीन-चार तासांचा ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद, ओव्हरहेड वायरचा प्रवाह तेवढ्यापुरताच बंद. म्हणून तुकडे क्रेनला पेलतील एवढेच कर, आणि जागेवरचे सांधे बोल्टचे ठेव. वेल्डिंगला तेवढा वेळच नसतो.

करिअरचं विचारलंस. मुंबईच्या व्हीटी स्टेशनचे (आताचं सीएसएमटी) वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स 1867 ला सार्वजनिक बांधकाम खात्यात आले. व्हीटीच्या आराखड्यासाठी आधी युरोपातली स्टेशनं पाहून आले. काम 1878 ला सुरू झालं आणि पुरी दहा वर्षं चाललं. 1893 ला महापालिकेची इमारत, 1899 ला चर्चगेटला बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं मुख्यालय, आणि 1900 ला ते गेले. या क्षेत्रात कामं मोजकी, पण लांबतात फार. दर दोन वर्षांनी नोकरी बदललीस तर एकही स्टेशन पायापासून पहिल्या गाडीपर्यंत बघायला मिळणार नाही. निदान एका कामावर शेवटपर्यंत टिक, त्यातही साइटवर.

खांब हलवून ड्रॉइंग परत पाठव. जिन्याचं गणित सोबत जोड.